मनकर्णाबाईंनी गाद्या वाढविल्या आणि नाव घेतले त्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशे चौदा, अंगिरा नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, मंदवार, ते दिवशी कसबे परभणी येथे खत-बियाण्यांच्या दुकानाचे माडीवर जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत थोरामोठ्यांनी लिहावी. परंतु थोरांस फुरसत नाही, आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांतील निम्मे ऐन वक्ती पान खावयास खाली उतरले होते, म्हणोन हे लिहिणे बखरकाराचे गळ्यात पडले. त्या सालांत मराठवाड्यात एका नावासाठी मोर्चे निघत होते, माणसे तुरुंगात जात होती, कित्येकांची घरे जळाली होती. तस्मात नाव ही चेष्टेची चीज नव्हे, हे मुलखात लहानथोर सर्वांस ठाऊक होते. परंतु नावास जागा लागते, आणि जागा किती लागेल हे आधी कोणासच कळत नाही, हे फार थोड्यांस ठाऊक. ते ज्या बाईस ठाऊक जाहले तिची ही कथा.

मनकर्णाबाई ही मौजे वालूरच्या मेंढरवाल्या अंगदबाबांची लेक, बारावी सायन्स पास, आणि मौजे बोरीचे आश्रुबाबा व सुगंधाबाई यांची थोरली सून. नवरा भुजंगराव परभणीस जिनिंगमध्ये काट्यावर चाकरीस, म्हणोन बिऱ्हाड परभणीस. त्या काळी राजश्री दिनकरराव, खते-बियाणे-कंप्युटर, यांनी युरियाचे पोत्यांवरील माडीस पडदे लावून, दारी जोडे उतरविण्याची सक्ती करून, एक कंप्युटर खुर्चीवर बसविला होता आणि सी नामे फिरंगी भाषेचा क्लास उघडला होता. दिनकरराव स्वतः पुस्तक वाचून शिकवीत आणि शागिर्दांच्या एक धडा पुढे असत, आणि कधी कधी नसत. मनकर्णाबाई त्या क्लासात दाखल जाहली, आणि सून एकटी परक्या माडीवर जाते हे बरे नव्हे म्हणोन सुगंधाबाई बोरीहून पहाऱ्यास आल्या. पहिले दिवशी कपाळास आठ्या घालून आल्या. परंतु माडीवर यंत्रास उष्णता सोसत नाही म्हणोन कूलर लाविला होता, आणि बाहेर परभणीचे ऊन ऐसे की कावळ्याने सावली शोधावी, मग दुसरे दिवसापासून पहारा फार कडक जाहला. सुगंधाबाई क्लास उघडण्याआधी येत, कूलरसमोर सूप घेऊन बैठक मारीत, ज्वारी निवडीत, आणि क्लास सुटला तरी उठत नसत.

ऐसे चालले असता दिनकररावांनी फर्मान काढिले, जे पाडव्याचे मुहूर्ती क्लासाचा दरबार भरेल, शागिर्दांची घरची माणसे आणि गावचे पाहुणे येतील, आणि जो शागिर्द आल्यागेल्या प्रत्येकाचे नाव यंत्रात भरून, एकही नाव न सांडता, पुन्हा कागदावर छापून दाखवील, त्यास इन्स्ट्रक्टरचा हुद्दा व माहेवारी पगार बहाल होईल. किती माणसे येतील हे सांगता येणार नाही, कारण आवतण चुलीला दिले होते, आणि चुलीला आवतण म्हणजे घरात जितके तितके सर्व, शिवाय त्या दिवशी घरी आलेला पाहुणा, शिवाय त्याचा पाहुणा. हे वर्तमान ऐकून सुगंधाबाईंनीही आपले फर्मान काढिले. ते ऐसे: "पाडव्यापत्तूर बघते. हुद्दा मिळाला तर ऱ्हा हितं. न्हाई तर बोरीला चल, मेंढरं वाट बघायलीत. पाट्या बडवून काय पोट भरत नसतंय." पाट्या म्हणजे कळफलक.

 मेंढरांचा मनकर्णाबाईस कंटाळा नव्हता, जन्म त्यांतच गेला होता. परंतु त्या यंत्रासमोर बसले म्हणजे तिच्या जिवास जे होई ते तिला आजवर दुसरे कशाने जाहले नव्हते. आपण लिहावे आणि यंत्राने करावे, आणि न केले तर चूक आपली, नशिबाची नव्हे, सासूची नव्हे. ही गोष्ट तिला ऐसी काही गोड लागली होती की बोरीस परतावयाचे मनात येताच तिचे डोळे भरून येत. म्हणोन तिने मनोमन पण केला, की हुद्दा घेतल्यावाचून माडी सोडणार नाही.

गनीम एकच, परंतु जबर. मौजे पेडगावचा लिंबाजी, माजी सरपंच दत्तराव यांचा चिरंजीव, बी. कॉम., खिशाला दोन पेने आणि तोंडाला लगाम नाही. त्याने मसलत ऐसी केली, जे सरळ तीस कोठड्या बांधाव्या, दर कोठडीस पंधरा अक्षरांची जागा, की काम फत्ते. मनकर्णाबाईने विचारिले की एकतिसावा माणूस आला तर? लिंबाजी म्हणाला, "त्येला जिन्यात उबं करू." आणि सर्व शागिर्द हसले आणि दिनकररावही हसले, कारण पुस्तकाचा पुढील धडा त्यांनी वाचिला नव्हता.

मनकर्णाबाईने तो धडा काढिला. त्यात ऐसे लिहिले होते, की यंत्राचे पोटी मोठे मैदान आहे, आणि तेथे तीन अंमलदार नेमिले आहेत. मालॉक म्हणोन आहे, तो मागेल तितकी जमीन मोजून देतो. रीअलॉक म्हणोन आहे, तो दिलेली जमीन वाढवून देतो. आणि फ्री म्हणोन आहे, तो काम सरल्यावर जमीन सरकारजमा करितो. मग तिने बेत केला, जे पाहुण्यांसाठी गाद्यांची एक रांग मांडावी. गादीवर नाव बसवू नये, नावाचा पत्ता बसवावा. आणि नावाने आपली स्वतंत्र राहुटी घालून रहावे, लहान नावाने लहान, लांब नावाने लांब. अक्षर येईल तशी राहुटी वाढावी. आणि गाद्या भरल्या की रीअलॉकास सांगून दुप्पट कराव्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ, मग येवो सगळी बोरी.

बेत उत्तम, परंतु पहिल्याच लढाईस शिकस्त जाहली. तिने नवऱ्याचे वगळून घरची सर्व नावे भरली, शेवटी सासऱ्याचे भरले, आणि छापावयास सांगितले, तो पडद्यावर वरपासून खालपर्यंत आश्रुबा, आश्रुबा, आश्रुबा. कारण नाव उतरवून घ्यावयास तिने एकच राहुटी घातली होती आणि सर्व गाद्यांवर त्याच राहुटीचा पत्ता ठेविला होता. जो शेवटी आला तोच सर्वांस दिसू लागला. दिनकररावांनी हे मोठ्याने वाचून दाखविले. सुगंधाबाईंनी सुपातून मान वर केली, आणि नवऱ्याचे नाव घेणे त्यांच्या कुळात नसल्याने नाव टाळून बोलल्या, "एकच मानूस जल्मभर संभाळलं त्येच लय झालं. इतके कशाला?" मग मनकर्णाबाईने प्रत्येक नावास वेगळी राहुटी दिली आणि ते दुखणे मिटले.

दुसरी शिकस्त याहून वाईट. गाद्या भरल्या, रीअलॉकाने वाढवून दिल्या, आणि नावे छापू जाता पडद्यावर नावांचे जागी हसरी तोंडे, बदाम, किलवर आणि भलतेच काही उमटू लागले. लिंबाजीने पुसिले की पत्ते खेळायलीस की काय. मनकर्णाबाई दोन दिवस नीट जेवली नाही. मग तिसरे दिवशी पोळ्या लाटताना तिला माहेरची मेंढरे आठवली. कोकरे वाढली आणि शेजारी मोकळे रान नसले, म्हणजे बाप वाघुरीचे जाळे उपटून सारा कळप दुसऱ्या शेतात नेऊन बसवी, आणि ज्यास हे कळले नाही तो जुन्या शेतात भाकरी घेऊन जाई आणि लेंड्या बघून परत येई. रीअलॉकाचीही तीच रीत. शेजारी जागा नसेल तर तो सारा तळ उठवून दुसरीकडे नेतो आणि नवा पत्ता हाती देतो, आणि आपण जुनाच पत्ता धरून बसलो होतो. लाटणे तसेच टाकून ती माडीवर गेली, आणि मागून सासू करपलेल्या पोळीवरून बोलत गेली, आणि त्या सांजेस नवा पत्ता जपून ठेविताच सर्व नावे मुक्कामी सापडली.

आता एकच नाजूक मामला उरला. पाडव्यास भुजंगराव येणार, आणि त्यांचे नाव मनकर्णाबाईस टंकावे लागणार, तेही सासूदेखत. सासऱ्याचे नाव सरकारी कामास घेतले तर बोरीत चालते. नवऱ्याचे चालत नाही. बोलणे आणि टंकणे यात भेद आहे ऐसे दिनकररावांचे मत पडले, परंतु दिनकररावांस बोरीत नांदावयाचे नव्हते. मग तिने तोड काढिली, जे भुजंगरावांची पाळी आली की नुसते एंटर दाबावे, म्हणजे त्यांच्या नावाची गादी मांडली जाईल आणि तीवर पत्त्याचे जागी शून्य राहील. गादी मानाची, नाव मनात. तोड तिला फार सुरेख वाटली. परंतु याच बाईने पुस्तकात सांगितले म्हणोन छापणाऱ्यास ताकीद दिली होती, की वरून नावे छापीत यावे, आणि जेथे शून्य लागेल तेथे फौज संपली ऐसे समजोन थांबावे. एका शून्यास दोन चाकऱ्या सांगितल्या, हे तिच्या ध्यानी आले नाही.

पाडवा उजाडला. माडीवर गुढी उभारली, यंत्राचे गळ्यात साखरेच्या गाठी घातल्या, आणि दिनकररावांच्या कुटुंबाने, कमलबाईंनी, कळफलकावर कुंकू टाकण्यास हात नेला तो दिनकररावांनी वरचेवर धरिला. आणि मग चुलीला दिलेले आवतण जिना चढून येऊ लागले. बोरीचे आले, पेडगावचे आले, वालूरचे आले, पोरेबाळे आली, दाराबाहेर जोड्यांचा ढीग ऐसा जाहला की कोणाचा कोणता हे मागाहून तीन दिवस निवडीत होते. दिनकररावांनी दरबारी हुकूम वाचिला, जे एकेकाने यंत्रापाशी जाऊन नाव सांगावे, शागिर्दाने स्वहस्ते भरावे, दुसऱ्याने हात लावू नये, आणि एकदा सुरू केल्यावर प्रोग्राम बदलणे मना.

अग्रहक्काने लिंबाजी पुढे जाहला. त्याचे वडील दत्तराव कडक धोतर नेसून प्रथम आले आणि नाव सांगितले, दत्तराव व्यंकटराव पेडगावकर, माजी सरपंच, आणि त्यातील एक अक्षर गाळू नये ऐसे बजाविले. इंग्रजी पंधरा अक्षरांची कोठडी. सरपंचांचे पाय भिंत फोडून शेजारच्या कोठडीत गेले. मागोमाग भाजीवाल्या बायनाबाई आल्या, त्यांस तीच शेजारची कोठडी मिळाली, आणि त्यांनी सरपंचांच्या पायांवर बैठक मारली. मग तिसावर माणसे आली, लिंबाजीने दडपून भरू पाहिली, आणि यंत्राने मान टाकिली. पुन्हा चालू करून, थोडी माणसे भरून छापले, तो कागदावर पहिलेच नाव निघाले, दत्तराव व्यंकाबायनाबाई. दरबारात ऐसा हशा पिकला की गुढीचा तांब्या हलला. बायनाबाई म्हणाल्या, "मला इचारलं बी न्हाई." दत्तराव लाल जाहले आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

मग मनकर्णाबाई खुर्चीवर बसली. दिनकररावांचे भरले, कमलबाईंचे भरले, मग भुजंगराव पुढे आले, इस्त्रीचा सदरा घालून, आणि आपले नाव सांगून कान खाजवीत उभे राहिले. तिने एंटर दाबिले. त्यांचे मागे सुगंधाबाई, मग आश्रुबाबा, मग दत्तराव आपल्या पूर्ण पदवीनिशी, मग बायनाबाई, मग सारा मुलूख. गाद्या भरत, रीअलॉक तळ उठवून पुढे नेई, पुन्हा भरत, पुन्हा नेई, आणि यंत्राने एकदाही कुरकुर केली नाही. आश्रुबाबांचा गर्दीत जीव घाबरा होऊ लागला म्हणोन ते पान खावयास खाली उतरले. शेवटची एक गादी फौज संपल्याच्या शून्यास राखून बाकी सर्व काठोकाठ भरल्या, तिने पुरे म्हणोन लिहिले, आणि छपाईयंत्र करकर करीत चालू जाहले. दिनकरराव छापले. कमलबाई छापल्या. आणि यंत्र थांबले.

दोन नावे. मागे सारी फौज उभी, आणि कागदावर दोन नावे. मनकर्णाबाईस तत्क्षणी उमगले. नवऱ्याचे नाव टाळले म्हणोन त्यांच्या मागे उभे असलेले प्रत्येक माणूस यंत्राने टाळले होते. लिंबाजी मागून बोलला, की निदान माझ्यात बायनाबाई तरी दिसत होत्या. सुगंधाबाईंनी सूप खाली ठेविले, पुढे आल्या, कागदास बोट लाविले आणि पुसिले, "ह्यात माजं नाव कुटं हाय?"

मनकर्णाबाईने खाली मान घालून खरे ते सांगितले. म्हणाली, "आत्याबाई, तुमी ह्यांच्या मागं हाव. ह्यांच्या गादीवर काईच न्हाई, म्हनून मशीन म्होरं जाईना." प्रोग्राम बदलणे मना होते. परंतु पाहुणे नाव चुकीचे सांगून मागाहून तक्रार करितात हे जाणोन तिने प्रोग्रामातच सोय ठेविली होती, की छपाई जाहल्यावर यंत्र पुसे, दुरुस्ती, भरती की रजा? दुरुस्ती म्हटले की हवी ती गादी भरता येई. म्हणजे वाट होती. वाटेत नवऱ्याचे नाव आडवे पडले होते, इतकेच. दिनकररावांनी घड्याळ पाहिले, लिंबाजीने कॉलर नीट केली, आणि मनकर्णाबाईस बोरीची वाट आणि मेंढरांची धूळ डोळ्यांपुढे दिसू लागली, आणि डोळ्यांतले पाणी तिने पदरास पुसिले.

सुगंधाबाईंनी सुनेकडे पाहिले, कूलरकडे पाहिले, कागदाकडे पाहिले. मग हुकूम सोडिला, "तसं घेऊ नगं. उखान्यात घे."

बायका पुढे सरसावल्या, पोरांस मागे ओढिले. लिंबाजीने हरकत घेतली, जे उखाणा म्हणजे नाव नव्हे, आणि इतके लांब गादीवर मावणार नाही. दिनकररावांनी निवाडा केला, की नाव आत असले म्हणजे जाहले, आणि मावते की नाही हेच तर पहावयाचे. मनकर्णाबाईने दुरुस्ती मागितली, भुजंगरावांची गादी मागितली, पदर सावरला, आणि तोंडाने म्हणत इंग्रजी अक्षरांत टंकू लागली:

"दोनाच्या झाल्या चार गाद्या, चाराच्या झाल्या आठ,
भुजंगरावांचं नाव घेते, सोडा आता माझी वाट."

अक्षर येई तशी राहुटी वाढे, आणखी अक्षर येई, आणखी वाढे, आणि शेवटले अक्षर आत जाऊन दार लागले तरी यंत्र शांत. तिने छापावयास सांगितले. दिनकरराव, कमलबाई, मग तो सबंध उखाणा, मग सुगंधाबाई, आश्रुबा, दत्तराव व्यंकटराव पेडगावकर माजी सरपंच, मग स्वतंत्र ओळीवर बायनाबाई, आणि मग लांबच लांब कागद जमिनीस लागून दारापर्यंत गेला, तेथे पोरांनी तो उचलून धरिला. एक नाव सांडले नाही. भुजंगरावांचे कान लाल जाहले ते सांजेपर्यंत तसेच होते. दत्तरावांनी खिडकी सोडून आपली ओळ दोनदा वाचिली आणि चिरंजिवास सर्वांसमक्ष सांगितले की तुझ्यापेक्षा ही पोरगी बरी, निदान बापाला एकटं तरी ठेवलं.

दिनकररावांनी नारळ आणि इन्स्ट्रक्टरचा हुद्दा जाहीर केला, आणि टाळ्या जाहल्या, आणि मनकर्णाबाईने सर्वांना सोडून सासूकडे पाहिले, कारण खरा परवाना तेथे होता. सुगंधाबाईंनी परवाना दिला नाही. त्या खुर्चीपाशी आल्या, हळूच म्हणाल्या, "त्यात अजून एक मावंल का?"

मावेल म्हणाली मनकर्णाबाई. गाद्या काठोकाठ भरल्या होत्या; तिने भरती मागितली, आणि एका सासूसाठी रीअलॉकाने सारा तळ उठविला आणि गाद्या दुप्पट केल्या. सुगंधाबाईंचे लग्न जाहले त्या दिवशी उंबऱ्यात उखाणा घ्यावयाचा होता, परंतु वरातीचे बैल बुजले आणि ते राहूनच गेले. पुढे मेंढरे, पोरे, दुष्काळ, आणि नाव कधी तोंडावर आले नाही. आता त्यांनी डोईचा पदर पुढे ओढिला, आणि सांगू लागल्या, आणि सून टंकू लागली:

"मेंढरामागं चालून चालून झिजली पायाची टाच,
आश्रुबाचं नाव घेते, सूनबाई, मोठ्यानं वाच."

मनकर्णाबाईने कागद हाती घेतला आणि मोठ्याने वाचिले. इतके मोठ्याने, की आश्रुबाबा, जे पान खाऊन परत जिना चढत होते, ते मधल्याच पायरीवर थांबले, अंगठ्यास चुना तसाच. वर आले नाहीत. खाली उतरून पुन्हा टपरीवर गेले.

येणेप्रमाणे परभणीचे माडीवर मनकर्णाबाईची फत्ते जाहली ती दफ्तरी नोंदली असे. सर्व नावे छापून होताच तिने रजा म्हणोन लिहिले, आणि आधी एकेक राहुटी आणि मग गाद्यांची रांग फ्री अंमलदाराकडे परत केली, एक अक्षराची जमीन दाबून ठेविली नाही. लिंबाजीने काहीच परत केले नाही, आणि त्याच्या कोठड्या यंत्र बंद केल्यावरच सुटल्या. जिना उतरताना सुगंधाबाईंनी सुनेस सांगितले, की उद्या डबा मोठा घे, दोघींचा. आणि खाली टपरीवर त्या दिवशी जितकी माणसे उभी होती तितक्यांस आश्रुबाबांनी पान दिले, ओळखीच्यास दिले, बिनओळखीच्यास दिले. कोणी कारण पुसिले, तर पाडवा हाय म्हणाले.